औद्योगिक नियंत्रण-यंत्रणांची सुरक्षा (छत्रपती संभाजीनगर)

पाणी, वीज व कारखान्यांतील यंत्रे संगणकी जाळ्यावरून चालू लागल्यामुळे उद्भवलेले धोके आणि त्यातून आलेल्या संधी. या शहरात हा विषय प्रामुख्याने शेंद्रा-बिडकीन येथील ‘ऑरिक’ या औद्योगिक नगराशी जोडलेला आहे.

दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील हे नगर सुमारे 10,000 एकरांवर वसते आहे. शेंद्रा टप्प्यातील ‘ऑरिक हॉल’चे उद्घाटन 7 सप्टेंबर 2019 रोजी झाले, बिडकीनचे लोकार्पण 29 सप्टेंबर 2024 रोजी. पाणी व वीजपुरवठ्यावर येथे ‘स्काडा’ प्रणालीने दुरून देखरेख होते.

बँकेची माहिती चोरीला गेली तर पैसा जातो. स्काडात कोणी शिरले तर पंप थांबतो, झडप नको तेव्हा उघडते. इराणमधील नतान्झ येथे ‘स्टक्सनेट’ या संगणकी विषाणूने युरेनियम समृद्ध करणारी यंत्रे बिघडवली तेव्हा (2010 मध्ये उघड) हा फरक जगाला कळला. फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्राची वीज गेली की पाण्याचे वेळापत्रक कोलमडते, हे सोसलेल्या शहराला तो वेगळा समजावून सांगावा लागू नये.

राज्यात या धोक्याचा प्रत्यय आला आहे. जून 2017 मध्ये ‘नॉटपेट्या’ या संगणकी विषाणूमुळे जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम अडले, मराठवाड्याचा निर्यातमालही याच बंदरातून जातो. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई अंधारात गेली. त्यामागे घातपात असावा, असा संशय राज्याच्या सायबर विभागाने व्यक्त केला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र मानवी चूक हेच कारण सांगितले. हा वाद सर्वमान्य निष्कर्षाविना राहिला.

ऑरिक नवे आहे, त्यामुळे तिथे सुरक्षा आराखड्यातच बसवता येते. खरी कमकुवत बाजू वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतील जुन्या शेडमध्ये आहे. बजाज ऑटोचा वाळूज कारखाना 1985चा. त्याच्याभोवती सुट्या भागांचे शेकडो लघुउद्योग उभे राहिले. अशा ठिकाणी जुन्या विंडोजवर चालणारे सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्र, सर्वांना ठाऊक असलेला एकच पासवर्ड आणि दुरुस्तीवाल्याचा पेनड्राइव्ह एवढ्यावर भागत असेल, तर मोठ्या कंपनीच्या जाळ्यात शिरायला तेवढी वाट पुरते.

संधीही येथेच आहे. एथर एनर्जी आणि टोयोटा-किर्लोस्कर यांनी 2024 मध्ये ऑरिकमधील प्रकल्प जाहीर केले. एथरच्या स्कूटरचे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून अद्ययावत होते; म्हणजे वाहन तपासणाऱ्याला यापुढे इंजिनाइतकेच संकेतनही कळावे लागेल. विद्यापीठ परिसरातील ‘नायलिट’ संस्था इलेक्ट्रॉनिक्स व संगणकाचे शिक्षण देते. पीएलसी (यंत्रे चालवणारे नियंत्रक) जाणणारे तंत्रज्ञ वाळूजमध्ये आहेतच. सुरक्षा जाणणारा आणि यंत्र जाणणारा अशी दोन वेगळी माणसे नेमण्यापेक्षा याच तंत्रज्ञांना सुरक्षा शिकवणे स्वस्त व शहाणपणाचे ठरेल.

‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवणे आणि प्रणालीच्या नोंदी 180 दिवस जपणे बंधनकारक आहे. लहान कंपन्यांनाही हा नियम लागू आहे.