समुद्रापारचा ऊस

श्रोते हो, उसाला किती राबावे लागते, हे दौंड तालुक्यातल्या कासुर्डीच्या शेतकऱ्याला मी काय सांगावे! पण आपले शिवार सोडून, समुद्रापार, दुसऱ्याच्या उसात राबणे कसे असेल?

मॉरिशस बेटावर 1835 साली गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांना मजूर हवे होते. 1834 पासूनच हिंदुस्थानातून करारावर माणसे जाऊ लागली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ होते. करार पाच वर्षांचा, मजुरी महिना 5 रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला, की दोन दिवसांची मजुरी कापली जाई!

करार संपल्यावर काही परतले, पुष्कळ तिथेच राहिले. पुढे 1880 नंतर मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. या मजुरांनी पै पै साठवून ते तुकडे घेतले आणि त्यांत स्वतःचा ऊस लावला.

घरातली बोली हळूहळू क्रिओल झाली. गणपती मात्र राहिला. आज गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. गुरुजींनी नकाशावर मॉरिशसचा ठिपका दाखवताना मुलांना एवढे अवश्य सांगावे.