फुकट शेक्सपिअरची कुळकथा

‘किंग लिअर’ची संहिता इंटरनेटवर शोधणारा विद्यार्थी कधी ना कधी एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या पानावर येऊन पडतोच. साधं पान, काळी अक्षरं. चित्र नाही, जाहिरात नाही, तळटीप तर नाहीच. १९९३ साली, वेब अजून रांगत होतं तेव्हा, जेरेमी हिल्टन नावाच्या तिथल्याच विद्यार्थ्याने हे पान उभं केलं. शेक्सपिअरची सगळी नाटकं वेबवर आली ती पहिल्यांदा इथे. पण ती हिल्टनने टाइप केली नव्हती. ‘मोबी शेक्सपिअर’ नावाची आयती संगणकीय प्रत त्याने घेतली. ती बनवणाऱ्या ग्रेडी वॉर्डने ती कुणीही वापरावी म्हणून मोकळी सोडून दिली होती. आणि मोबीतली संहिता आली १८६४ सालच्या ‘ग्लोब’ आवृत्तीवरून. म्हणजे फोनवर फुकट मिळणारा हा शेक्सपिअर व्हिक्टोरिया राणीच्या काळातला आहे. तो शेक्सपिअरच्या काळच्या छापखान्यातून थेट आलेला नाही.

छापखान्यातून जे निघालं ते अगदीच उघडंवाघडं होतं. १६२३ साली, शेक्सपिअर जाऊन सात वर्षं झाल्यावर, त्याच्या दोन सहकारी नटांनी छत्तीस नाटकांचा मोठा ग्रंथ काढला. तोच पहिला फोलिओ. त्यात ओळींना क्रमांक नाहीत. पात्रांची यादी फक्त सात नाटकांना आहे. ‘हॅम्लेट’चे अंक-प्रवेश दुसऱ्या अंकापर्यंत दाखवले आणि पुढे सोडून दिले. ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’त तर पहिला अंक, पहिला प्रवेश एवढं लिहून छापणारा थांबला तो थांबलाच. १७०९ मध्ये निकोलस रो या नाटककाराने ही घडी बसवायला घेतली. उरलेल्या नाटकांना पात्रयाद्या दिल्या, अंक-प्रवेशांची विभागणी पुरी केली. त्याच्यामागून आलेल्या अठराव्या शतकातल्या संपादकांनी प्रवेशांच्या माथ्यावर स्थळं लिहिली. ‘ॲज यू लाइक इट’मध्ये ‘जंगलाचा दुसरा भाग’ अशी जी सूचना आज वेबवर दिसते, ती या मंडळींची. त्यांच्या डोळ्यांपुढे रंगवलेल्या पडद्यांचं थिएटर होतं. शेक्सपिअरच्या रंगमंचावर पडदेच नव्हते. नट म्हणाला जंगल, की ते जंगल.

या कुळातला मला सर्वांत आवडणारा माणूस म्हणजे एडवर्ड केपल. पोटापाण्याला नाटकांवरच्या सेन्सॉर खात्यात नोकरी, आणि आयुष्यभराचा छंद जुन्या छापील प्रती गोळा करून ओळ ओळ ताडून बघण्याचा. १७६८ साली त्याची दहा खंडांची आवृत्ती निघाली. पुढे १७७९ मध्ये त्याने आपला संग्रह केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजला देऊन टाकला. ऐंशीएक वर्षांनी ट्रिनिटीतल्याच विल्यम जॉर्ज क्लार्क आणि विल्यम ऑल्डिस राइट यांच्या हाताशी हा खजिना आला, आणि त्यातून पाठभेदांसह नऊ खंडांचा ‘केंब्रिज शेक्सपिअर’ उभा राहिला. ते काम चालू असतानाच मॅकमिलन या प्रकाशकाने जवळपास तीच संहिता, पाठभेद गाळून, एका खंडात कोंबली. हजारावर पानं, बारीक टाइप, दोन रकाने, किंमत साडेतीन शिलिंग. हीच ग्लोब. विद्वत्तेचा आधार आणि खिशाला परवडणारी किंमत एकत्र आली, आणि पुस्तक धडाधड खपलं.

ग्लोबचं खरं राज्य चाललं ते समासातल्या आकड्यांवर. प्रत्येक प्रवेशातल्या ओळी तिने मोजून दिल्या होत्या. जॉन बार्टलेटने १८९४ साली शेक्सपिअरची प्रचंड शब्दसूची काढली ती ग्लोबचेच आकडे धरून. मग अंक-प्रवेश-ओळ अशी तीन आकड्यांची भाषा अभ्यासकांत रूढ झाली. पण ज्ञानेश्वरीत अध्याय आणि ओवीचा आकडा सांगितला की काम भागतं, तसं इथे होत नाही, कारण शेक्सपिअरची पात्रं मधूनच पद्य सोडून गद्यात बोलतात. गद्याची ओळ कुठे तुटणार हे कवी ठरवत नाही, रकान्याची रुंदी ठरवते. म्हणजे मॅकमिलनने कागद वाचवायला जो अरुंद रकाना घेतला, त्याची मापं पुढे दोन-तीन पिढ्यांच्या शोधनिबंधांत तळटीपा होऊन बसली!

मोबीने ग्लोब निवडली यात वाङ्मयीन आवडनिवड शोधायला जाऊ नये. विसाव्या शतकातल्या चांगल्या आवृत्त्यांवर कॉपीराइट होता, ग्लोबवरचा केव्हाच संपला होता. फुकट मिळेल तेच पसरतं. ते पसरलंही, आणखी कितीतरी संकेतस्थळांनी मोबीच उचलली. ‘किंग लिअर’मध्ये ही निवड चांगलीच नडते. १६०८ च्या क्वार्टोत, म्हणजे या एकाच नाटकाच्या छोट्या आकाराच्या छापील प्रतीत, सुमारे तीनशे ओळी अशा आहेत की ज्या फोलिओत नाहीत, फोलिओत शंभरेक अशा की ज्या क्वार्टोत नाहीत. वेडा लिअर आपल्या मुलींवर खोटा खटला चालवतो तो प्रसंग फक्त क्वार्टोत सापडतो. जुन्या संपादकांनी दोन्ही एकत्र कालवून सगळ्यांत लांब ‘लिअर’ तयार केला. १९८६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीने दोन्ही ‘लिअर’ वेगळे छापले. फुकट पानावर मात्र अजून ते कालवलेलंच वाढलं जातं, आणि वाचणाऱ्याला तसं सांगणारी एक ओळही तिथे नसते.

ग्लोबच्या आकड्यांना उत्तर दिलं चार्लटन हिनमनने. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी नौदलात सांकेतिक संदेश उलगडायच्या कामावर होता. पुढे वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात बसून त्याने पहिल्या फोलिओच्या पंचावन्न प्रती ताडल्या, तेही स्वतः बनवलेल्या यंत्रावर. एकाच पानाच्या दोन प्रती आरशांतून एकमेकींवर पाडायच्या आणि दिवे आळीपाळीने लावायचे. जिथे अक्षर वेगळं तिथे ते लुकलुकतं. १९६८ साली त्याने फोलिओची प्रतिकृती छापली आणि अंक-प्रवेश बाजूला ठेवून प्रत्येक छापील ओळ, रंगसूचनांसकट, नाटकाच्या आरंभापासून सलग मोजली. हॅम्लेटचं जगप्रसिद्ध स्वगत ग्लोबमध्ये तिसऱ्या अंकातल्या पहिल्या प्रवेशात ५६ व्या ओळीला सुरू होतं, फोल्जरच्या आवृत्तीत ६४ व्या, आणि हिनमनच्या मोजणीत १७१० व्या. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात मायकेल बेस्ट यांनी १९९६ पासून उभ्या केलेल्या ‘इंटरनेट शेक्सपिअर एडिशन्स’ने हीच सलग मोजणी स्वीकारली. २०१२ मध्ये फोल्जरने आपली संहिता वेबवर मोफत ठेवली. कोणते शब्द क्वार्टोतले, कोणते फोलिओतले आणि कोणते संपादकाने घातलेले, हे तिथे कंसांनी दाखवलेलं असतं. विद्यार्थ्याने एकच दुवा जपायचा असेल तर मी हा सांगेन.

मार्लो, किड, लिली या शेक्सपिअरच्या समकालीन नाटककारांचं घराणं वेगळं. त्यांना ग्लोबसारखी स्वस्ताई लाभली नाही. त्यांचा रस्ता मायक्रोफिल्मवरून गेला. १९२६ साली पोलार्ड आणि रेडग्रेव्ह यांनी १६४० पर्यंतच्या इंग्रजी पुस्तकांची सूची छापली. १९३८ मध्ये ॲन आर्बरच्या युजिन पॉवरने तीच हाती धरून ब्रिटनमधली ग्रंथालयं फिल्मवर उतरवायचा धंदा सुरू केला. लंडनवर बॉम्ब पडायला लागल्यावर त्या फिल्मची किंमत सगळ्यांनाच कळली. फिल्मची पुढे संगणकीय चित्रं झाली. पण जुना गॉथिक टाइप आणि पुसट फिल्म यंत्राला वाचता येईनात, म्हणून मिशिगन आणि ऑक्सफर्डच्या पुढाकाराने १९९९ पासून माणसांकडून ती पुस्तकं टाइप करवून घेतली. त्यांतली पंचवीस हजार पुस्तकं १ जानेवारी २०१५ रोजी सर्वांना खुली झाली. टंकणाऱ्याला जे अक्षर लागलं नाही तिथे त्याने काळा ठिपका ठेवला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या मार्टिन म्युलर यांनी शेक्सपिअरच्या समकालीनांची नाटकं निवडून हे ठिपके पदवीच्या विद्यार्थ्यांकडून भरून घ्यायला सुरुवात केली: एका बाजूला मूळ पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला अर्धवट शब्द. ‘अर्लीप्रिंट’ या संकेतस्थळावर आता नाव नोंदवणारा कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो, आणि ती तपासून संहितेत घेतली जाते.