जुनी प्लिमथ आणि जीर्णोद्धाराचा प्रश्न



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने अमेरिकन मोटारीवर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते इतिहासाचे शिक्षक होते, आणि राजेरजवाड्यांइतकाच रोजच्या वापरातल्या वस्तूंचाही इतिहास असतो, हे त्यांनीच आम्हांला शिकविले. शिवाय आज मांडावयाचा प्रश्न माझ्या विषयाला परका नाही. जुनी वस्तू जतन करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हा तो प्रश्न.

इंदुरात जुन्या मोटारींचा विषय निघाला की यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ड्यूसेनबर्गची आठवण निघतेच. तिचा सांगाडा व इंजिन अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे आणि वरची काया लंडनच्या गर्नी नटिंग यांची. काळ १९३५च्या सुमाराचा. पुढे ती अमेरिकेत परतली आणि जिवापाड जपली गेली. अशा गाड्यांना वाली मिळतोच. मला बोलावयाचे आहे ते चार दारांच्या साध्या घरगुती गाडीविषयी, जिला अमेरिकेत सेडान म्हणतात.

मुलीच्या घरी मिशिगन राज्यात मी २०१८ व २०१९ असे दोन उन्हाळे काढले. शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत. त्यांच्या वडिलांनी घेतलेली १९५० सालची प्लिमथ सेडान ते स्वतः राखीत. मला मोटार चालविता येत नाही. पण खुर्ची टाकून शेजारी बसणे व विचारीत राहणे हा माझा जन्माचा व्यवसाय असल्यामुळे आमचे जमले.

फोर्ड, शेव्हरले आणि प्लिमथ या त्या काळच्या अमेरिकेतील तीन स्वस्त गाड्या. युद्धामुळे १९४२च्या फेब्रुवारीत तेथे खासगी मोटारींचे उत्पादन थांबले होते. ते १९४५मध्ये पुन्हा सुरू झाले तेव्हा गिऱ्हाईक रांगा लावून उभे होते. प्लिमथ बनविणाऱ्या क्रायस्लर कंपनीचे त्या वेळचे अध्यक्ष के. टी. केलर यांचा आग्रह असा, की डोक्यावरची हॅट न काढता गाडीत बसता आले पाहिजे. म्हणून या गाड्या उंच आणि काहीशा पेटीसारख्या दिसतात. (आपल्याकडच्या पगडीवाल्यांची सोय त्यांनी नकळत केली, असे मला प्रथम पाहताच वाटले.) सहा सिलिंडरांचे, बाजूला झडपा असलेले इंजिन, शक्ती ९७ अश्वशक्ती, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर. यात मिरविण्यासारखे काही नाही.

याच गाडीची भावंडे आपल्याकडेही धावली. सोलापूरला १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी क्रायस्लरशी करार केला, १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७पासून कुर्ल्याच्या कारखान्यात प्लिमथ, डॉज व डिसोटो या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. परदेशी पाठवावयाच्या डॉज किंग्जवे व डिसोटो डिप्लोमॅट म्हणजे अंगाने प्लिमथच; नाव आणि दर्शनी दागिने तेवढे निराळे. एकाच संहितेच्या तीन प्रती, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगितले असते.

अमेरिकेत जुन्या मोटारींचा छंद संघटित झाला तो १९३५मध्ये, फिलाडेल्फियात पुराण-मोटारींचे मंडळ स्थापन झाल्यावर. १९५४मध्ये इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी गावी ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ हे जुन्या गाड्यांच्या व सुट्या भागांच्या जाहिरातींचे पत्र निघाले. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे सुट्या भागांचा बाजार भरू लागला; तो आज मोठ्या जत्रेएवढा झाला आहे. या मंडळींचे लक्ष प्रथम घोडागाडीसारख्या दिसणाऱ्या आद्य मोटारींकडे होते, पुढे ते उघड्या छपराच्या शौकीन गाड्यांकडे वळले. सेडान सर्वांत जास्त खपली आणि सर्वांत कमी मान मिळालीही तीच. कित्येक सेडानांचे पुढचे पत्रे, जाळ्या, काचा काढून त्या उघड्या गाड्यांना लावल्या गेल्या. सामान्यांच्या वस्तूचा पुरावा श्रीमंतांच्या वस्तूच्या दुरुस्तीत खर्ची पडावा, हे इतिहासात नवे नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. ते पत्रा खाते. म्हणून शहाणा मालक गाडी नोव्हेंबरात कोठीत ठेवतो ती वसंतातच काढतो. दारांच्या तळाशी पाणी निचरण्याची बारीक भोके असतात. ती पालापाचोळ्याने बुजली की दार आतून कुजते. तारेच्या तुकड्याने ती भोके मोकळी करणे हे शेजाऱ्यांचे वर्षारंभीचे पहिले काम. या गाडीची वीज सहा व्होल्टची. दाब निम्मा म्हणून तेवढ्याच कामाला प्रवाह दुप्पट लागतो आणि तारा जाड असाव्या लागतात. नव्या गाडीच्या बारीक तारा लावल्या की इंजिन कण्हत फिरते आणि लोक उगाच बॅटरीला दोष देतात. डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे आहेत. अजाण माणूस पान्यावर जोर देऊन ते मोडतो. सर्वांत फसवी गोष्ट इंजिनच्या पोटात. पाण्याच्या पंपामागे एक लांब पत्र्याची नळी असते, तिच्या छिद्रांतून मागच्या सिलिंडरांपर्यंत थंड पाणी पोचते. ती गंजून जाते आणि मागचे सिलिंडर तापू लागतात. ती उपसून काढण्यात आमच्या दोन दुपारी गेल्या. बाहेर आला तो नळीचा भुगाच.

त्यानंतर प्रश्न उभा राहिला रंगाचा. चालकाच्या दाराच्या काठावर, कोपर टेकण्याच्या जागी, रंग उडून खालचा पत्रा दिसत होता. ते कोपर वडिलांचे होते. मुलाचे म्हणणे पडले, गाडी नव्यासारखी रंगवून टाकू. प्रदर्शनात गुण मिळतात, डाग दिसला की गुण कापतात. शेजाऱ्यांनी माझे मत विचारले.

मी त्यांना आमच्याकडचे उदाहरण दिले. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. तो ग्रंथ लोकांच्या तोंडी राहिला तो या परिश्रमामुळे. पण भाषेच्या इतिहासाला त्यापूर्वीची रूपेही हवी असतात, आणि अशा जुन्या पाठाच्या ओढीनेच वि. का. राजवाड्यांनी पाटांगणला मिळालेली पोथी १९०९मध्ये छापली. तिच्यावरही पुढे वाद झाले. तरीही शुद्ध करणारा आणि जसेच्या तसे ठेवणारा, दोघेही ग्रंथावर प्रेम करणारेच. मोटारींच्या जगतातही हे दोन पक्ष आहेत. वास्तूंच्या जतनासाठी १९६४मध्ये व्हेनिसची सनद झाली. तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३मध्ये ट्यूरिनची सनद स्वीकारली. शक्य तितके मूळ राखावे, बदल कमीत कमी करावा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असा तिचा आशय. अमेरिकेतल्या त्या मंडळातही आता अस्पर्श गाड्यांचा वेगळा वर्ग आहे.

माझे मत मी स्पष्ट दिले. ब्रेकच्या बाबतीत मूळपणाचा हट्ट धरू नये. या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच दट्ट्यातून जाते. एक नळी फुटली तर पायाखाली काहीच उरत नाही. अमेरिकेत दुहेरी रचना १९६८पासून सक्तीची झाली. मागच्या बाकावर नातवंडे बसणार असतील तर नळ्या, रबर, टायर, तारा यांत जुने जपण्यासारखे काही नाही. पण कोपराची खूण हा दस्तऐवज आहे. त्यावर रंग चढविला की तो कायमचा गेला. उद्या पश्चात्ताप झाला तरी परत आणता येणार नाही.

बाप-लेकांत दोन दिवस अबोला होता. मग शेजाऱ्यांनी ब्रेक सर्वच्या सर्व नवे घातले, पत्र्याला गंज चढू नये म्हणून त्या जागेवर नितळ मेणाचा थर दिला आणि बाकी अंग फक्त धुऊन-पुसून घेतले. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवला. त्या नळीचा भुगासुद्धा. मुलगा प्रदर्शनाला आलाच नाही.

आपल्याकडे ही सोय राहिली नाही. १९५३च्या सुमारास सरकारी धोरण बदलले. केवळ जोडणी करणाऱ्यांना जागा उरली नाही. जनरल मोटर्सने १९५४मध्ये मुंबईतले काम गुंडाळले. प्रीमियरने फियाटचा मार्ग धरला. पुढे सुटे भाग मिळेनासे झाले, गाड्यांना डिझेलची इंजिने बसली, कित्येक टॅक्सी झाल्या आणि शेवटी भंगारात गेल्या. खुद्द प्लिमथ हे नावही अमेरिकेत २००१मध्ये बंद झाले. कुर्ल्यात जोडलेल्या गाड्यांच्या दुरुस्त्या आपल्या मिस्त्रींनी कशा केल्या, कोणता भाग कोणत्या देशी भागाने भागविला, हे लिहिलेले मला अजून कोठे आढळले नाही. त्यांतले बहुतेक मिस्त्री आज हयात नाहीत. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी अशा गाडीची नोंदवही, दुरुस्तीची बिले, कंपनीची पुस्तिका किंवा गाडीसमोर उभे राहून काढलेले छायाचित्र असेल, तर ते शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावे. मूळ वस्तू द्यावयाची नसेल तर नक्कल चालेल. छायाचित्राच्या मागे वर्ष आणि गाडीचा क्रमांक तेवढा लिहावा, पेन्सिलीने.