फरक पडला नाही, याची नोंद

गेल्या हिवाळ्यात अनुवादाच्या एका कार्यशाळेसाठी काशीला गेले होते. रोज संध्याकाळी दशाश्वमेधावरची गर्दी चुकवून, शीतला घाट ओलांडून अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे. इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) बांधलेला हा घाट. विश्वनाथाच्या मंदिराची पुनर्बांधणीही त्यांचीच. मराठी माणसाला परक्या गावात माहेरचं कुणी भेटावं, तसं इथे वाटतं.

पायऱ्यांचं एक बरं असतं. त्या उपयोगी आहेत का, हे ठरवायला अभ्यास लागत नाही. लोक उतरतात, स्नान करतात, वर येतात. दवाखान्यात केलेल्या सुधारणेचं तसं नाही. तिथे काम झालेलं दिसतं, त्याने कुणाचं भलं झालं का, ते दिसत नाही.

हा विचार मनात यायला कारण पिशवीतलं पुस्तक होतं, डॉ. अतुल गावंडे यांचं २०१४ सालचं ‘बीइंग मॉर्टल’. त्यांचे वडील आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. अमेरिकेत शल्यचिकित्सक झाले, तरी आईच्या, गोपिकाबाईंच्या नावाने त्यांनी उमरखेडला महाविद्यालय उभं राहायला हातभार लावला. पुस्तकाचा शेवट इथलाच आहे. मुलगा वडिलांच्या अस्थी घेऊन काशीला येतो, नावेतून गंगेत सोडतो, विधी म्हणून गंगाजल पितो. पाण्यात जंतू किती असतात हे त्याने आधी पाहून ठेवलेलं असतं, प्रतिजैविकंही घेतलेली असतात. तरी पोटाचा संसर्ग होतोच, आणि तो तसं लिहूनही टाकतो.

याच माणसाच्या पुढाकाराने उत्तर प्रदेशात एक मोठा प्रयोग झाला. त्याची पार्श्वभूमी अशी. २००९ साली शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायच्या १९ कलमी यादीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ शहरांतल्या रुग्णालयांत यादी आल्यानंतर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. मग जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणासाठी २९ कलमांची यादी केली. हात धुतले का, रक्तदाब पाहिला का, बाळ रडलं नाही तर श्वास देण्याची पिशवी हाताशी आहे का, अशी साधी कलमं. २०१० साली कर्नाटकातल्या एका प्रसूतिकेंद्रात ती वापरून पाहिली. पूर्वी २९ पैकी सरासरी १० गोष्टी होत असत, त्या २५ होऊ लागल्या.

इथे थांबून पेढे वाटता आले असते. पण गावंडे आणि त्यांचे सहकारी थांबले नाहीत. उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांत त्यांनी १२० सरकारी आरोग्य केंद्रांच्या ६० जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एका केंद्रात यादी दिली आणि आठ महिने प्रशिक्षक येऊन परिचारिकांसोबत उभे राहिले. दुसऱ्या केंद्रात नेहमीचंच काम चालू राहिलं. दीड लाखाहून अधिक बाळंतिणींची नोंद झाली. घरी गेल्यावर त्यांचं काय झालं, हे फोन करून, आणि फोन लागला नाही तर दारात जाऊन विचारलं. ९९.७ टक्के जणींचा पत्ता लागला.

डिसेंबर २०१७ मध्ये निकाल छापून आला. दोन महिन्यांनंतर यादीच्या केंद्रांत ७३ टक्के गोष्टी होत होत्या, दुसरीकडे ४२ टक्के. प्रशिक्षक निघून गेल्यावर चार महिन्यांनी हा आकडा ६२ वर घसरला. पण खरा प्रश्न पुढचा होता. सात दिवसांत बाळ किंवा आई दगावणं, किंवा आईला गंभीर गुंतागुंत होणं, याचं प्रमाण यादीच्या केंद्रांत १५.१ टक्के होतं, दुसरीकडे १५.३. म्हणजे फरक नाही.

१९६६ साली अव्हेडिस डोनाबेडियन यांनी वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन ठिकाणी पाहावा असं मांडलं होतं: साधनं, कृती आणि फलित. बैरुतला जन्मलेला हा आर्मेनियन डॉक्टर कविताही लिहीत असे. उत्तर प्रदेशात कृती बदलली, फलित बदललं नाही. आणि हे कळलं ते केवळ शेजारच्या साठ केंद्रांतही मोजलं म्हणून. ती केंद्रं नसती, तर ७३ टक्क्यांचा आकडा पुढे करून सारा देश ही यादी भिंतीवर लावून मोकळा झाला असता.

हे वाचताना मला माझीच गोष्ट आठवत होती. पंधरा वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी परिचारिकांची प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत आणली होती. ‘सिस्टरांना कळेल अशी भाषा’ म्हणून कौतुक झालं. अहवालात किती प्रती वाटल्या आणि किती जणींनी प्रशिक्षण पूर्ण केलं, ते आलं. बाळंतिणींबद्दल एक ओळ नव्हती, आणि मीही विचारलं नाही. पुढे एका ग्रामीण रुग्णालयात तीच पुस्तिका टेबलावर दिसली. तिथल्या सिस्टरला ती जवळपास पाठ होती. पण बाळाला श्वास द्यायची पिशवी कपाटात कुलूपबंद होती आणि किल्ली असलेल्या बाई रजेवर होत्या. माझा अनुवाद मुळाशी प्रामाणिक होता. त्याचा उपयोग मात्र त्या किल्लीपाशी अडला होता.

उलट उदाहरणही आपल्याकडे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने उपाय करण्याआधी मोजायला सुरुवात केली. नवजात बाळं घरात कशाने आजारी पडतात, कशाने दगावतात, हे गावोगाव नोंदवलं. मग ३९ गावांतल्या बायांना बाळाचं वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि इंजेक्शन देणंसुद्धा शिकवलं. तुलनेसाठी ४७ गावं होती. हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत, ते तीन वर्षांत २५ च्या आसपास आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं. २०११ पासून आशाताई देशभर घरी येऊन नवजात बाळ पाहू लागल्या, त्यामागे हे काम आहे. इथे मरणाचं कारण आधी शोधलं होतं आणि औषध त्या कारणापर्यंत पोचत होतं.

पण गडचिरोलीचं यश आपण सांगतो आणि उत्तर प्रदेशचं अपयश विसरतो, हे मला खटकतं. दोन्हीकडची मोजणी सारखीच प्रामाणिक होती. ‘फरक पडला नाही’ हे छापायला जास्त धीर लागतो. त्या निकालामुळे पुढचे प्रश्न नेमके झाले: परिचारिकांची कौशल्यं, औषधांचा पुरवठा, अवघड वेळी वर पाठवण्याची सोय. यादी या सगळ्यांची आठवण करून देते, त्यांची जागा घेऊ शकत नाही.

कार्यशाळेतून परतल्यावर माझ्या परिचयपत्रातली त्या पुस्तिकेची ओळ काढली नाही. तिच्यापुढे फक्त ‘उपयोग तपासलेला नाही’ एवढं लिहिलं.