त्रिरश्मी पर्वतावरील परकीय आणि परग्रहीय संपर्काचा प्रश्न

पृथ्वीबाहेरील बुद्धिमान जीवांशी संबंध आल्यास मानवजातीने कशी तयारी ठेवावी, हा प्रश्न सामान्यतः ज्योतिर्विदांचा समजला जातो. तथापि या विषयावरील लिखाण वाचू लागले असता लवकरच असे दिसते की, त्यातील निर्णायक युक्तिवाद ज्योतिषशास्त्रातून आलेला नसून इतिहासातून घेतलेला आहे. १४९२ साली कोलंबस अमेरिकेस पोहोचला व त्याचे परिणाम तेथील मूळ रहिवाशांना भोगावे लागले, हा तो दाखला होय. स्टीफन हॉकिंग यांनी २०१० साली हाच दाखला देऊन मानवाने आपला ठावठिकाणा जाहीर करू नये असा इशारा दिला होता. इशारा अवास्तव आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या प्रश्नाचा निर्णय अखिल मानवजातीच्या वतीने व्हावयाचा, त्याच्या विचारात इतिहासातील एकच प्रसंग पुनःपुन्हा साक्षीस बोलावला जावा, हे इतिहासाभ्यासकांस मानवणारे नाही. नाशिकच्या अभ्यासकांस तर दुसरा साक्षीदार शोधण्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही.

नाशिकच्या दक्षिणेस असलेल्या ज्या टेकडीस आपण पांडवलेणी म्हणून ओळखतो, तिचे शिलालेखांतील नाव तिरण्हु, म्हणजेच त्रिरश्मी असे आहे. तेथील सतराव्या लेण्यातील लेख इंद्राग्निदत्त नामक दात्याचा आहे. तो धर्मदेवाचा पुत्र, उत्तरेकडील दात्तामित्री येथील रहिवासी व जातीने योनक, म्हणजे यवन. आपल्या मातापित्यांच्या पुण्यार्थ त्याने लेणे, चैत्यगृह व पाण्याची टाकी करविली. यवन असून त्याचे स्वतःचे, पित्याचे व पुत्र धर्मरक्षिताचे अशी तिन्ही नावे भारतीय आहेत. संपर्क म्हणजे एका सकाळी क्षितिजावर उगवलेली गलबते, अशी जी कल्पना कोलंबसाच्या कथेमुळे रूढ झाली आहे, ती या लेखाला मुळीच लागू पडत नाही. येथे परका माणूस कैक पिढ्यांच्या वाटचालीनंतर पोहोचलेला आहे, आणि वाटेत तो अर्धाअधिक आपला झालेला आहे.

दहाव्या लेण्यातील लेख याहून बोलके आहेत. ते क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, दिनीकाचा पुत्र उषवदात याचे. हा शक होता व जेत्यांच्या पक्षाचा होता. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी ठेविली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दलास हात लावावयाचा नाही. व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करून ऐकविला गेला व रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविला गेला, असे लेख सांगतो.

या शेवटच्या तपशिलाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. परक्या सत्तेचा पुरुष येथे आला तेव्हा त्याच्या पैशास, त्याच्या शब्दास व त्याच्या हेतूस कोणत्या चौकटीत बसवावयाचे हे ठरविणारी यंत्रणा गोवर्धनात अगोदरच उभी होती. श्रेणी होती, व्याजाचा दर होता, सभा होती, नोंदीची पद्धत होती. उषवदातासाठी यांपैकी काहीही नव्याने करावे लागले नाही. पूर्वतयारी हा शब्द आपण वापरतो तेव्हा पाहुण्याविषयीचे ज्ञान असा अर्थ आपल्या मनात असतो. गोवर्धनकरांपाशी शकांविषयी असे काही सखोल ज्ञान असल्याचा पुरावा नाही. त्यांच्यापाशी होत्या त्या त्यांच्या स्वतःच्या धडधाकट संस्था.

अर्थात या टेकडीची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिसऱ्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात ती आपल्या पुत्रास, गौतमीपुत्र सातकर्णीस, शक-यवन-पह्लवांचा निःपात करणारा व क्षहरात वंश निःशेष करणारा म्हणून गौरविते. ज्या डोंगरात यवनाचे दान आहे, त्याच डोंगरात यवनांच्या संहाराची स्तुती आहे. त्याच लेण्यात गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाची आज्ञा आहे: आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेले दोनशे निवर्तनांचे शेत भिक्षूंस द्यावे. आणि चोविसाव्या वर्षाची दुसरी आज्ञा सांगते की, ते शेत कसले जात नाही व ते गाव वसत नाही, म्हणून नगरसीमेवरील शंभर निवर्तने त्याऐवजी द्यावीत. गाव ओस का पडले हे लेख सांगत नाही. पण दोन राजकुळांच्या झगड्यानंतर सहा वर्षांनीही तेथे नांगर चालत नव्हता, एवढे खरे. विजयाच्या प्रशस्तीपेक्षा ही कोरडी महसुली नोंद आम्हांस अधिक विश्वसनीय वाटते.

(शकांचे नाव निःशेष करणाऱ्यांच्या वारसांनी पुढे कालगणनेत शालिवाहन आणि शक ही दोन्ही नावे जोडून टाकली, आणि १९५७ साली स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेसही शक हेच नाव मिळाले, हा इतिहासाचा विनोद नमूद करण्याजोगा आहे.)

येथवरच्या दाखल्यांची मर्यादा उघड आहे. यवन, शक व नाशिककर हे एकाच जातीचे प्राणी होते; एकाच रस्त्यावरून चालत होते, एकच अन्न खात होते. परग्रहाहून प्रथम येईल तो बहुधा पाहुणा नव्हेच, तर संदेश असेल. आणि पाठविणारा शेकडो अथवा हजारो प्रकाशवर्षे दूर असल्याने प्रश्नोत्तरास वाव असणार नाही. या परिस्थितीस जवळचे उदाहरण परकीयांच्या भेटीचे नसून मृतांच्या लिपीचे आहे.

हेही उदाहरण येथेच उपलब्ध आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचे ठसे पुन्हा उमटविलेले होते. नहपानाच्या नाण्यांवर ब्राह्मी, खरोष्ठी व ग्रीक अशा तीन लिप्या आढळतात. परंतु ग्रीक अक्षरांत लिहिलेला मजकूर ग्रीक नाही, प्राकृत आहे. पुढील क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ती अक्षरे क्रमाक्रमाने बिघडत जाऊन निव्वळ नक्षी उरली. आकृती टिकली, वाचक संपला. ब्राह्मीचीही गत तीच झाली. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचा स्तंभ दिल्लीस आणविला, तेव्हा तो वाचू शकणारा एकही पंडित मिळाला नाही. आणि ज्या लेण्यांतील भिंती दात्यांची नावे, रकमा व व्याजाचे दर स्पष्ट सांगत होत्या, त्यांच्यासमोर उभे राहून लोकांनी ती पांडवांची ठरविली. वाचता येत नाही तेथे मनुष्य ओळखीची कथा बसवितो. १८७७ नंतर मंगळावरील रेषांना कालवे मानून तेथे पाटबंधारे खाते कल्पिणारे विद्वान याच परंपरेतले.

वाचन पुन्हा सुरू झाले ते १८३७ साली जेम्स प्रिन्सेपच्या हातून. त्यामागे द्वैभाषिक नाणी होती, आणि सांची येथील छोट्या लेखांच्या शेवटी सारखी येणारी अक्षरे 'दानं' या शब्दाची असावीत हा तर्क होता. पुढे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, भगवानलाल इंद्रजी व सेनार यांनी नाशिकचे लेख वाचले. येथे लक्षात घेण्यासारखे हे की, हा तर्क यशस्वी झाला तो दान या क्रियेचे सामाजिक स्वरूप ठाऊक होते म्हणून. लिपी उलगडली ती गणिताने नव्हे, तर त्या भिंतीवर कोणी काय लिहिण्याचा संभव आहे याच्या जाणिवेने. १९७४ साली अरेसिबो येथून एम १३ या तारकागुच्छाकडे धाडलेला १,६७९ द्विमान चिन्हांचा संदेश मूळसंख्यांच्या आधारे उलगडेल अशी अपेक्षा आहे. चौकट उलगडेलही, पण चौकटीतील आकृती मनुष्याची आहे हे मनुष्य न पाहिलेल्यास कसे कळावे, याचे उत्तर गणितात नाही.

संदेश आल्यास काय करावे, याविषयी आंतरराष्ट्रीय अंतराळविज्ञान अकादमीने १९८९ साली काही तत्त्वे संमत केली. प्रथम पडताळा पाहावा, इतर वेधशाळांस कळवावे, मग जगास जाहीर करावे, आणि आंतरराष्ट्रीय विचारविनिमयावाचून उत्तर धाडू नये, असा त्यांचा आशय आहे. ही तत्त्वे कायद्याने बंधनकारक नाहीत. पण आशय पाहता हीच निगमसभा व हाच फलक होय. उणीव एवढीच की, गोवर्धनची सभा रोजच्या व्यवहारात राबत होती, तर ही तत्त्वे अद्याप एकाही खऱ्या प्रसंगाने कसास लागलेली नाहीत. १९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल यांना नियमित स्पंदने आढळली, तेव्हा संशोधकांनी त्यांस गमतीने 'छोटी हिरवी माणसे' असे नाव दिले. पडताळ्यात मात्र ते स्पंदक तारे ठरले. तेथे संयम कामी आला. नियम तेव्हा नव्हते.

डॉ. जयंत नारळीकर यांनी 'प्रेषित' या कादंबरीत हा विषय मराठी वाचकांपुढे ठेविला होता. २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या चौऱ्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. त्यांच्या निधनानंतर (२०२५) हा प्रश्न मराठीत केवळ कल्पितकथेचा राहू नये अशी आमची इच्छा आहे.

तशी मराठी या व्यवहारात अगोदरच गुंतलेली आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत गेलेल्या ध्वनिमुद्रिकेत पंचावन्न भाषांतील अभिवादनांत मराठीचा समावेश आहे, आणि गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. यान निघाले त्याच महिन्याभरात, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई निवर्तल्या. तबकडी कशी वाजवावी याच्या आकृती तिच्या आवरणावर कोरलेल्या आहेत. भैरवी म्हणजे काय, हे मात्र कोठेही कोरलेले नाही.

नाशिकहून पुण्यास जाताना नारायणगावाजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांपैकी काही दृष्टीस पडतात. त्याच जुन्नर तालुक्यातील लेण्यांत इरिल नामक यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा एका ओळीचा लेख आहे. तो कोठून आला व कशासाठी आला, याचा त्यात उल्लेख नाही. टाकी दोन, एवढे स्पष्ट लिहिलेले आहे.