बाजाराची वाट आणि झडती

औरादचा शेतकरी उदगीरच्या बाजारास जाई, ती वाट 1956 पर्यंत एकाच बिदर जिल्ह्यातली होती. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला उदगीर मुंबई राज्यात व औराद म्हैसूर राज्यात गेले. वाट तीच राहिली. मध्ये सीमा आली.

निवडणूक लागली की सीमेवर नाके बसतात. तूर विकून परतणाऱ्याजवळ रोकड असावयाचीच. त्याची वेळ ठरलेली, वाटही ठरलेली. म्हणून झडती त्याची होते. आडवाटेने जाणारा सुटतो. पुढे नोंदवहीत हमरस्त्यावरचीच नावे वाढतात, आणि तीच नव्या संशयास आधार होतात. गुन्हा लोकांच्या दिनचर्येमागून येतो, असे कोहेन व फेल्सन यांनी 1979 साली मांडले. झडतीही तशीच येते, असे आम्हांस वाटते.

तपासात वॉरंटावाचून घराची झडती घ्यावयाची तर अधिकाऱ्याने कारण आधी लिहावे, असे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 165 वे कलम सांगत होते. 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेने तो नियम राखला, वर चित्रमुद्रणही सांगितले. मग वाटसराची थैली घरापेक्षा हलकी का मानावी? ‘आज बाजार आहे’ हे काही संशयाचे कारण नव्हे.