हस्तोपचार आणि मज्जासंस्था : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
शहाड, कल्याण, उल्हासनगर हा कष्टकऱ्यांचा आणि लोकलने प्रवास करणाऱ्यांचा पट्टा. येथे कंबर धरली की कोणी हाडवैद्य गाठतो, कोणी फिजिओथेरपी केंद्र. बाळंतपणानंतर घरी मालीशवाली बाई येते. तिन्ही ठिकाणी साधन एकच, ते म्हणजे हात. हा हात शरीरात नेमके काय घडवतो, याविषयीची समज कशी बदलत गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

परंपरेतील विचार :
चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात अभ्यंगाचे विवेचन येते. स्पर्शनेंद्रियात वायूचे प्राधान्य असून ते त्वचेच्या आश्रयाने राहते, म्हणून अभ्यंग हितकर, अशी तेथील मांडणी आहे. तिला आधुनिक मज्जाविज्ञान म्हणणे अनैतिहासिक ठरेल. तथापि मर्दनाचा विचार येथे स्पर्शापासून सुरू होतो, हे लक्षणीय आहे. लोकव्यवहारात मात्र ‘शीर चढली’, ‘हाड सरकले’ हीच स्पष्टीकरणे रूढ झाली.

पोलिओचा धडा :
मुलीला झालेल्या पोलिओच्या अनुभवातून फातिमा इस्माईल यांनी 1947 मध्ये मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. 1950 च्या दशकाच्या प्रारंभी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील प्रेरक चेतापेशी नष्ट करतो; नष्ट झालेली पेशी कोणत्याही मालिशीने पुन्हा जिवंत होत नाही. सांधे आखडू न देणे आणि उरलेल्या स्नायूंकडून काम करवून घेणे, एवढेच हाताला साध्य होते. हाताची मर्यादा येथे स्पष्ट झाली.

वेदनेचे द्वार :
हाताच्या सामर्थ्याचा उलगडा वेदनेच्या अभ्यासातून झाला. 1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी द्वारनियंत्रण सिद्धांत मांडला : स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना अटकाव करू शकतात. ठेच लागताच आपण पाय चोळतो, त्याचा अर्थ यातून लागतो. या सिद्धांताच्या तपशिलांत पुढे दुरुस्त्या झाल्या. 2009 मध्ये बायलोस्की व सहकाऱ्यांनी अधिक व्यापक प्रतिमान मांडले. त्यानुसार हाताचा दाब ही केवळ सुरुवात असते. परिणाम परिघीय चेता, मज्जारज्जू आणि मेंदू अशा तिन्ही स्तरांवर घडतो व त्यात रुग्णाच्या अपेक्षेचाही वाटा असतो.

निष्कर्ष :
हाताने मिळणारा आराम खरा असू शकतो; पण त्यावरून ‘हाड जागेवर बसले’ हे सिद्ध होत नाही. हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. हातपाय बधिर होत असतील, शक्ती जात असेल, तर मान किंवा कंबर झटक्याने ओढून घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. उपचार जुना आहे, म्हणून त्याचे जुने स्पष्टीकरणही स्वीकारले पाहिजे असे नाही.